सावळी होणारी काच

मित्रांनो, हे पान हातात घेऊन तुम्ही जिथं बसला आहात, तिथून सगळ्यांत जवळची खिडकी कोणत्या दिशेला आहे, सांगा पाहू? विचारात पडलात ना! रोज त्या खिडकीतून बाहेर डोकावतो आपण, पण दिशा विचारली की बोट आधी हवेत फिरतं. सोपी खूण सांगतो. सकाळी जिच्यातून ऊन थेट अंथरुणावर येतं, ती पूर्वेची. आणि उन्हाळ्यात चार वाजल्यानंतर जिच्यापाशी अभ्यासाला बसवत नाही, ती पश्चिमेची.

आता दुसरा प्रश्न. मे महिन्यात भर दुपारी बारा-साडेबाराला कोणत्या खिडकीतून सर्वांत जास्त ऊन घरात येईल? बहुतेक जण म्हणतील, दक्षिणेच्या. चूक! आपला महाराष्ट्र कर्कवृत्ताच्या दक्षिणेला आहे. त्यामुळे मे महिन्याच्या मध्यास मुंबई-पुण्याकडे दुपारचा सूर्य चक्क डोक्यावर येतो. ‘शून्य सावलीचा दिवस’ म्हणतात तो हाच. अंगणात उभी काठी रोवली, तर त्या घटकेला तिची सावली सापडतच नाही. डोक्यावरच्या सूर्याचं ऊन छपरावर पडतं, उभ्या काचेला ते नुसतं चाटून जातं. दक्षिणेच्या खिडकीतून ऊन येतं ते डिसेंबर-जानेवारीत, आणि तेव्हा ते कुणाला नको असतं?

खरा छळ असतो तो पश्चिमेच्या खिडकीचा. चार-पाच वाजता सूर्य खाली उतरलेला असतो आणि किरण तिरपे होऊन सरळ खोलीत घुसतात. वरच्या छज्जाचा मग फारसा उपयोग होत नाही.

खिडकीत ठेवलेली इस्त्री

हा छळ नेमका केवढा, याचं गणित करून पाहू या. अवघड नाही, फक्त गुणाकार आहेत.

समजा, पश्चिमेची एक मोठी खिडकी आहे. काचेचं क्षेत्रफळ २ चौरस मीटर. उन्हाळ्यात दुपारी चारच्या सुमारास तिच्या प्रत्येक चौरस मीटरवर ६०० वॅट इतकी ऊर्जा पडते, असं धरू. म्हणजे झाले १२०० वॅट. साधी ६ मिलिमीटर जाडीची काच यातली सुमारे ८२ टक्के ऊर्जा आत येऊ देते. १२०० चे ८२ टक्के म्हणजे ९८४. जवळजवळ १००० वॅट! आपल्या घरातली कपड्यांची साधी इस्त्री साधारण तेवढीच असते. म्हणजे ती खिडकी उघडी ठेवणं आणि खोलीत एक इस्त्री सतत चालू ठेवणं, उष्णतेच्या दृष्टीनं एकच.

बरं, आत आलेली ही उष्णता आल्या वाटेनं परत का जात नाही? इथं काच एक लबाडी करते. सूर्याच्या किरणांमध्ये डोळ्यांना दिसणारा प्रकाश साधारण निम्म्याला थोडा कमी असतो. उरलेल्यातला बहुतेक भाग अवरक्त किरणांचा, आणि थोडे अतिनील. हे दिसणारे किरण आणि त्यांच्या जवळचे अवरक्त किरण काचेतून सहज आत शिरतात. आत आल्यावर फरशी, टेबल, गादी यांना तापवतात. तापलेल्या वस्तूही किरण बाहेर टाकतात, पण ते फार लांब लहरींचे अवरक्त किरण असतात. त्यांना काच म्हणते, “इथून रस्ता नाही.” आत यायला दरवाजा उघडा, बाहेर जायला कुलूप. उन्हात उभ्या केलेल्या मोटारीत बसताना चटका बसतो, त्याचं कारण हेच.

मग आपण काय करतो? एअर कंडिशनर लावतो. या यंत्राची ताकद ‘टना’त मोजतात, हे जाहिरातीत तुम्ही वाचलं असेल. एक टन म्हणजे यंत्राचं वजन नव्हे बरं का! अमेरिकेत पूर्वी बर्फाच्या लाद्यांनी थंडावा करत. तिथला एक टन (म्हणजे सुमारे ९०७ किलो) बर्फ चोवीस तासांत वितळताना जेवढी उष्णता शोषून घेईल, तेवढी उष्णता खोलीतून काढणारं यंत्र एक टनाचं. वॅटमध्ये सांगायचं तर सुमारे ३५०० वॅट. आपल्या हिशेबात बसवा: अशा साडेतीन खिडक्या असल्या, की एक टनाचं अख्खं यंत्र नुसतं त्यांच्याशी झुंजण्यात खर्ची पडलं! आणि खोलीतून काढलेली उष्णता जाते कुठं? यंत्राच्या मागच्या बाजूनं गल्लीत. तिच्यात यंत्राला लागलेल्या विजेचीही भर. गल्लीतल्या ज्यांच्याकडे एसी नाही, त्यांच्या वाट्याला ती आपोआप येते.

आजीच्या घरात काच किती होती?

जुन्या वाड्यांत हा प्रश्न फारसा नव्हता. भिंती जाडजूड, खिडक्या लहान, पुढं ओसरी किंवा पडवी. ऊन भिंतीपर्यंत पोचेपर्यंत त्याचा दम निघायचा. खिडक्यांना लाकडी झडपा असायच्या. झडप थोडी तिरकी केली की वारा आत, ऊन बाहेर. विदर्भात उन्हाळा सुरू झाला की वाळ्याचे पडदे लागायचे. गोव्यातल्या काही जुन्या घरांत तर आजही खिडक्यांना काचेऐवजी शिंपले बसवलेले दिसतात. चपटे, दुधी, अर्धपारदर्शक शिंपले लाकडी चौकटीत ओळीनं लावलेले. आतून पाहिलं, तर बाहेरचं काही दिसत नाही, पण खोलीभर मऊ उजेड पसरलेला असतो.

या सगळ्या युक्त्यांमध्ये एक गोष्ट सारखी आहे. ऊन काचेच्या आत येण्यापूर्वीच अडवायचं. एकदा आत आलं की पडदे ओढून फार फायदा नाही. पडदा तापतो, आणि तापलेला पडदा खोलीतच असतो! (याचा एक झकास प्रयोग शेवटी दिला आहे. तिकडं आत्ताच उडी मारू नका.)

मग आल्या काचेच्या इमारती. पायापासून गच्चीपर्यंत नुसती काच. जिथं वर्षातले सहा महिने लोक उन्हाची वाट पाहतात, अशा थंड मुलखात त्या शोभल्या. आपल्याकडे तशाच्या तशा आणल्या, तेव्हा उन्हाला कुणी विचारलं नाही. त्यावर तोडगा म्हणून काळी किंवा आरशासारखी चकाकणारी काच आली. तिनं ऊन थोडं अडतं, हे खरं. पण तिचा स्वभाव कायमचा एकच. जुलैत मुंबईचं आभाळ भरून येतं, भर दुपारी संध्याकाळ वाटते, तेव्हाही ही काच काळीच! मग आतमध्ये दिवसाढवळ्या दिवे लावा. एप्रिलची काच जुलैत नको आणि जुलैची एप्रिलमध्ये नको, अशी आपली पंचाईत.

एकाच काचेनं दोन्ही रूपं घेतली तर? ऊन चढलं की सावळी व्हायचं, ढग आले की पुन्हा लख्ख. अशी काच आज खरोखरच बनते. तिचं नाव इलेक्ट्रोक्रोमिक काच. इलेक्ट्रो म्हणजे विजेशी संबंधित आणि ‘क्रोमा’ म्हणजे ग्रीक भाषेत रंग. विजेवर रंग बदलणारी काच.

बाजारात मिळणाऱ्या अशा एका काचेतून स्वच्छ असताना सुमारे ६० टक्के उजेड आत येतो आणि पूर्ण सावळी झाल्यावर फक्त १ टक्का. उष्णतेचं म्हणाल, तर ती जास्तीत जास्त सावळी असताना सूर्याच्या ऊर्जेपैकी साधारण ९ टक्केच आत येते. आपल्या गणितात घाला: १२०० चे ९ टक्के म्हणजे १०८ वॅट. शांत बसलेला एक माणूस साधारण १०० वॅट उष्णता बाहेर टाकत असतो. म्हणजे जिथं धगधगणारी इस्त्री होती, तिथं आता जणू एक पाहुणा येऊन गुपचूप बसला आहे!

लिथियमची लोकल

ही जादू होते कशी? काचेवर एकावर एक असे पाच पातळ थर दिलेले असतात. पातळ म्हणजे किती? सगळे मिळूनही आपल्या केसाच्या जाडीच्या कितीतरी पट कमी. ब्रशनं असा थर देता येणार नाही. त्यासाठी काच निर्वात पेटीत ठेवतात, आत किंचित अर्गॉन वायू सोडतात आणि अर्गॉनचे भारित अणू धातूच्या पत्र्यावर जोरात आदळवतात. कॅरम आठवा. स्ट्रायकर आदळला की सोंगट्या उधळतात, तसे पत्र्यातले अणू उडतात आणि समोरच्या काचेवर जाऊन बसतात. सोबत थोडा ऑक्सिजन असला, की धातूच्या ऐवजी त्याच्या ऑक्साइडचा थर बसतो.

पाच थरांपैकी सर्वांत बाहेरचे दोन विजेचे वाहक आहेत, पण पारदर्शक. मोबाइलच्या पडद्यावर असतात, साधारण त्याच जातीचे. त्यांच्या आत एका बाजूला टंगस्टन ऑक्साइडचा थर. टंगस्टन तुमच्या ओळखीचं आहे. जुन्या पिवळ्या बल्बमधली तार त्याचीच असायची. दुसऱ्या बाजूला निकेल ऑक्साइडचा थर. आणि मधोमध एक पहारेकरी थर. हा भारित अणूंना, म्हणजे आयनांना, पलीकडे जाऊ देतो, पण इलेक्ट्रॉनना मुळीच जाऊ देत नाही.

या थरांमध्ये वस्ती असते लिथियमच्या आयनांची. लिथियमही ओळखीचं. मोबाइलच्या बॅटरीत असतं ना, तेच. काच स्वच्छ असते तेव्हा ही मंडळी निकेल ऑक्साइडच्या घरी असतात. बटण दाबलं, की काचेला पाच व्होल्टपेक्षाही कमी दाबाची वीज मिळते. आपले दोन-तीन पेन्सिल सेल देतील एवढीच! तेवढ्यानं लिथियमचे आयन पहारेकरी थरातून पलीकडे, टंगस्टन ऑक्साइडकडे निघतात. इलेक्ट्रॉननाही तिकडेच जायचं असतं, पण त्यांना मधला रस्ता बंद. ते बाहेरच्या तारेनं वळसा घालून पोचतात. विरारहून चर्चगेटला निघालेल्या दोन भावांपैकी एकानं लोकल पकडावी आणि दुसऱ्यानं रस्त्यानं बस, तसं. पोचतात मात्र दोघं एकाच ठिकाणी.

टंगस्टन ऑक्साइडला हे इलेक्ट्रॉन मिळाले, की त्याचा रंग पालटतो. ते निळं होतं. नवे आलेले इलेक्ट्रॉन एका टंगस्टनच्या अणूवरून शेजारच्या अणूवर उड्या मारू लागतात, आणि त्या उडीसाठी लागणारी ऊर्जा ते प्रकाशातून उचलतात. विशेषतः तांबड्या आणि त्यापलीकडच्या अवरक्त किरणांमधून. तांबडं गिळलं, मग उरलं काय? निळं.

आणि इकडं निकेल ऑक्साइडचं घर रिकामं झालं की तेही गप्प बसत नाही. त्याला तपकिरी छटा येते. निळा आणि तपकिरी मिळून काच करड्या-निळ्या रंगाची दिसू लागते. एकाचं घर भरल्यानं रंग आणि दुसऱ्याचं रिकामं झाल्यानं रंग! दोन्ही थर एकदम गडद होतात आणि विजेची दिशा उलटी केली, की एकदम स्वच्छही होतात. मला स्वतःला या सगळ्या यंत्रणेतली हीच जोडी सर्वांत सुरेख वाटते.

तुमच्या लक्षात आलं असेल, की ही काच म्हणजे खरं तर एक बॅटरीच आहे. आरपार दिसणारी बॅटरी. चार्ज केली की सावळी, डिस्चार्ज केली की स्वच्छ. म्हणूनच एकदा सावळी झाल्यावर ती तशी राहायला फारशी वीज मागत नाही. वीज लागते ती मुख्यतः रंग बदलताना.

आधी रंग दिसला, उपयोग नंतर

टंगस्टनच्या या निळाईची कथा जुनी आहे. १८१५ साली स्वीडनमधला थोर रसायनशास्त्रज्ञ बर्झेलियस यानं टंगस्टन ऑक्साइडची फिकट पिवळी पूड हायड्रोजन वायूत तापवली आणि तिचा रंग बदललेला पाहिला. पण ते तापवून झालेलं काम. विजेनं हा रंग आणला तो सत्येन देब या शास्त्रज्ञानं. ते अमेरिकेत एका रसायन कंपनीच्या प्रयोगशाळेत काम करत होते. टंगस्टन ऑक्साइडच्या पातळ थरावर त्यांनी सोन्याची टोकं बसवली, वीज लावली, आणि ऋण टोकापासून निळा रंग हळूहळू पसरत गेला. १९६९ साली त्यांनी हे छापून प्रसिद्ध केलं.

गंमत म्हणजे, तेव्हा खिडकीचा विचार कुणाच्या फारसा डोक्यात नव्हता. १९७० नंतर अनेक कंपन्यांना वाटलं, घड्याळातले आकडे दाखवायला हे छान आहे. पण त्या शर्यतीत द्रवस्फटिक, म्हणजे आपल्या कॅल्क्युलेटरच्या पडद्यातला एलसीडी, पुढं निघून गेला. एलसीडी डोळ्याचं पातं लवण्याच्या आत बदलतो, टंगस्टन ऑक्साइड आपला रमतगमत. दरम्यान १९७३ साली तेलाचं संकट आलं. तेल महागलं आणि इमारती थंड-गरम करण्यात किती ऊर्जा उधळली जाते, याकडे जगाचं लक्ष गेलं. मग हा रमतगमत बदलणारा रंग खिडकीला बरा, असं ठरलं. सूर्य तरी कुठं घाईत असतो! स्वीडनमध्ये उप्साला विद्यापीठात क्लेस-योरान ग्रांकविस्ट यांनी अनेक वर्षं याच विषयावर काम केलं. बर्झेलियस शिकला तेही उप्सालातच.

सत्येन देब पुढं अमेरिकेत कोलोरॅडो राज्यातल्या गोल्डन गावी, अपारंपरिक ऊर्जेच्या राष्ट्रीय प्रयोगशाळेत गेले. याच प्रयोगशाळेनं २०१० साली आपल्या कचेरीची एक नवी इमारत बांधली. वर्षभरात जेवढी ऊर्जा वापरायची, तेवढी सूर्यापासून मिळवायची, असा तिचा निर्धार. तिथं इलेक्ट्रोक्रोमिक काच कुठं बसवली असेल? ओळखा! पश्चिमेच्या बाजूला. दुपारनंतरचं तिरपं ऊन कोलोरॅडोतही तितकंच खट्याळ असतं.

पूर्वेच्या बाजूला तिथं दुसऱ्या जातीची काच आहे. तिला बटण नाही, तार नाही. ती स्वतः तापली की आपोआप गडद होते. तिला म्हणतात थर्मोक्रोमिक काच. अशा कामासाठी शास्त्रज्ञांच्या आवडीचा एक पदार्थ आहे व्हॅनेडियम डायऑक्साइड. तो ६८ अंश सेल्सियसला एकदम आपला स्वभाव पालटतो आणि अवरक्त किरण अडवू लागतो. ६८ अंश म्हणजे खिडकीसाठी फारच. म्हणून त्यात चिमूटभर परका धातू मिसळून हा आकडा खाली आणतात. कोणता धातू? पुन्हा आपलं टंगस्टनच!

तिसरी जात तुम्ही नाकावर पाहिली असेल. उन्हात गेलं की काळा होणारा चष्मा. ती फोटोक्रोमिक काच. १९६० नंतरच्या दशकात अमेरिकेतल्या कॉर्निंग कंपनीच्या शास्त्रज्ञांनी चांदीच्या संयुगाचे बारीक कण काचेत घालून ती बनवली. प्लास्टिकच्या भिंगांत हल्ली त्यासाठी वेगळे रंगद्रव्य वापरतात. ही काच अतिनील किरणांच्या तालावर नाचते. असा चष्मा घालणाऱ्या कुणाला विचारा, मोटारीत बसल्यावर तो नीट काळा होत नाही. कारण मोटारीची समोरची काच अतिनील किरण आधीच अडवते. शिवाय ती कुणाचं ऐकत नाही. कडाक्याच्या थंडीत ऊन हवंहवंसं असतानाही ती काळी होणारच. खिडकीला आपलं ऐकणारी काच हवी, ती म्हणजे इलेक्ट्रोक्रोमिक.

विजेवर सावळी होणारी काच तुमच्यापैकी काहींनी नकळत पाहिलीही असेल. मोटारीत चालकाच्या डोक्याजवळ आरसा असतो ना? काही गाड्यांत रात्री मागच्या वाहनाचे दिवे त्यावर पडले की तो आपोआप अंधुक होतो. बोइंग ७८७ या विमानात खिडकीला खालीवर सरकवायची झडपच नाही. खाली एक बटण आहे. ते दाबत गेलं, की खिडकी पायरीपायरीनं निळी होत जाते. २०११ सालापासून हे विमान प्रवाशांना घेऊन उडू लागलं. मात्र या दोन्हींमध्ये घन थर नाहीत, तर रंग बदलणारे रेणू मिसळलेली जेली दोन काचांच्या मध्ये भरलेली असते.

“काळी काच तापणार नाही का?”

शाब्बास! हा प्रश्न तुमच्या मनात आला असेल, तर तुमचं डोकं ठिकाणावर आहे. काच सावळी होते म्हणजे प्रकाश गिळते. गिळलेल्या प्रकाशाची उष्णता होणारच. काच चांगली तापते. मग आत बसलेल्याला तिची धग नाही का लागणार?

म्हणून अशी खिडकी एकेरी नसते, दुहेरी असते. दोन काचा, मध्ये हवा किंवा अर्गॉन वायू कोंडलेला. रंग बदलणारे थर असतात बाहेरच्या काचेवर, तिच्या आतल्या अंगाला. तापते ती बाहेरची काच, आणि तिची उष्णता बरीचशी बाहेरच्या वाऱ्यावर निघून जाते. मधला कोंडलेला वायू ती आत येऊ देत नाही. शिवाय उष्णतेचे किरण माघारी फिरवणारा एक थरही दिलेला असतो. पाहिलंत, पुन्हा आजीच्या घरातलीच युक्ती. ऊन दाराबाहेर अडवायचं!

आता दुसरी बाजूही सांगायला हवी. ही काच बटण दाबताच झटकन बदलत नाही. मोटारीच्या आरशाला काही सेकंद पुरतात, पण मोठ्या खिडकीला काही मिनिटं लागतात, कधी वीसेक मिनिटंही. थंडीत आणखी वेळ, कारण आयनही गारठतात. मावळता सूर्य अगदी समोर असला, तर १ टक्का उजेडही डोळ्यांना त्रास देतो, म्हणून पडदा पूर्णपणे हद्दपार होत नाही. काचेच्या प्रत्येक तुकड्यापर्यंत तार न्यावी लागते. छपरावर ऊन मोजणारं उपकरण आणि कोणती खिडकी कधी सावळी करायची हे ठरवणारा संगणकही लागतो.

आणि सर्वांत मोठी अडचण किमतीची. साध्या दुहेरी काचेच्या कितीतरी पट पैसे मोजावे लागतात. या धंद्यात भल्याभल्यांचा कस लागला आहे. अमेरिकेतल्या ‘व्ह्यू’ नावाच्या कंपनीनं विमानतळांना, कचेऱ्यांना अशा काचा पुरवल्या, पण तरीही २०२४ च्या एप्रिलमध्ये तिला दिवाळखोरीसाठी न्यायालयात जावं लागलं. ‘सेज’ ही दुसरी जुनी कंपनी फ्रान्सच्या ‘सां-गोबां’ या काचेच्या बलाढ्य कंपनीनं २०१२ साली पूर्णपणे ताब्यात घेतली. शास्त्र जमलं, तरी व्यवहार जमतोच असं नाही.

तेव्हा बाबांकडे “आपल्या हॉललाही अशी काच बसवू या” असा हट्ट धरणार असाल, तर जरा थांबा. घराच्या एका पश्चिमेच्या खिडकीसाठी बाहेरून लावलेली बांबूची चिक किंवा समोर लावलेलं पानगळीचं झाड आजही स्वस्तात जास्त काम करतं, असं माझं मत आहे. पण पंधराव्या मजल्यावर चिक वाऱ्यानं उडून जाईल आणि झाड तिथवर पोचणार नाही. रुग्णालयात दिवसभर अंथरुणावर असलेल्या माणसाला पडदा ओढून अंधारात ठेवायचं, की सावळ्या काचेतून आभाळ दिसू द्यायचं? अशा ठिकाणी या काचेची खरी परीक्षा आहे. आपल्याकडे मोठ्या इमारतींसाठी ऊर्जाबचतीची केंद्रीय संहिता २००७ साली आली आणि २०१७ साली ती सुधारली गेली. काचेतून किती उष्णता आत यावी यावर तिच्यात मर्यादा घातली आहे. त्यामुळे नवी इमारत आखताना वास्तुविशारदाला उन्हाचा विचार करावाच लागतो. त्यात पहिला क्रमांक सावलीचा, दुसरा खिडकीच्या दिशेचा आणि मग काचेचा.

आता तो प्रयोग

पादत्राणांची दोन सारखी खोकी घ्या. दोन्हींच्या तोंडावर पारदर्शक प्लास्टिकचा कागद ताणून चिकटवा. ही झाली तुमची खिडकी. प्रत्येकात खोलीचं तापमान मोजायचा एक तापमापक ठेवा. (ताप मोजायचा घरातला तापमापक मुळीच वापरू नका. तो ४२ अंशांच्या आसपासच संपतो आणि पाऱ्याचा असेल तर फुटूही शकतो.) पहिल्या खोक्यात प्लास्टिकच्या आतल्या बाजूला, थोडं अंतर सोडून, काळा कागद लावा. हा आतला पडदा. दुसऱ्या खोक्याला तेवढाच काळा कागद प्लास्टिकच्या बाहेर, चार काड्यांवर दोन-तीन सेंटिमीटर उंच धरा. ही बाहेरची चिक. दोन्ही खोकी शेजारी शेजारी, उन्हाकडे तोंड करून ठेवा आणि दर पाच मिनिटांनी तापमान वहीत लिहा. अर्ध्या तासात दोन रकाने तयार होतील.

दोन्हींत कागद तोच, काळा रंग तोच, ऊनही तेच. मग आकडे वेगळे का आले, ते आता तुम्हीच घरातल्या मोठ्यांना समजावून सांगा. आणि जमलं तर दुसऱ्या दिवशी काळ्याऐवजी पांढरा कागद लावून पुन्हा मोजा. आतल्या पडद्याच्या बाबतीत त्यानं बराच फरक पडेल. का पडेल, याचा अंदाज मोजण्याआधीच वहीत लिहून ठेवा.